तुझं माणूस पितं का?

म्मे मात्शेदिसोनं लावलेल्या निम्म्या लग्नांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क या गावात माझ्याइतका कुणालाच नाही. माझं फोटोचं दुकान तिच्या नोंदणी कचेरीच्या अगदी समोर. ओळखपत्राचा फोटो माझ्याकडे, लग्नाचा फोटो माझ्याकडे, आणि साक्षीदार कमी पडला की खिडकीतून हाक यायची, "ए फोटोवाली, ये गं, सही कर!" की मी निघालेच चपला अडकवून. नवरा इथल्या खाणीत वीजतंत्री होता म्हणून मी देश सोडून या रीटक्लूफला आले आणि तो गेल्यावरही इथेच राहिले. लोक विचारतात, परत का गेली नाहीस? अहो, समोर रोज लग्न असतं! ते सोडून जाते होय मी!

म्मे म्हणजे आई. इथे कुठल्याही मोठ्या बाईला म्मे म्हणायचं आणि पुरुषाला न्टाटे; नुसत्या नावानं हाक मारलीत तर समोरचं माणूस ढुंकून बघणार नाही. ही मात्शेदिसो अशी, की आत आली की खोली भरलीच. आवाज त्याहून मोठा. डावा कान गेलेला, त्यामुळे टेबलावरचा फोन कायम स्पीकरवर, आणि बाहेर दाखल्यांसाठी ताटकळणाऱ्या रांगेला पलीकडचं सगळं बोलणं फुकटात ऐकायला मिळायचं. कान कसा गेला हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नवरा सोन्याच्या खाणीत होता आणि पगाराच्या शुक्रवारी पिऊन घरी यायचा. तो केव्हाच मेला, पण कान काही परत आला नाही.

मेंढरं कातरणाऱ्या गड्याची ही पोर. मिशनच्या शाळेत शिकली, दोन मुली एकटीनं वाढवल्या, आणि जिथे तिच्या आईला काळी म्हणून मागच्या खिडकीशी उभं करायचे त्याच कचेरीत टेबलखुर्ची घेऊन बसली. ताठा असणारच हो! मी म्हणते, का नसावा?

तिची एक खोड होती. लग्नाला जोडपं आलं की नवऱ्यामुलाला बाहेर बसवायची आणि नवरीला एकटीला समोर घेऊन फैरी झाडायची. "तुझं माणूस पितं का? हात उचलतं का? पगार घरी आणतं का? चुलीपाशी फिरकतं का? तू आजारी पडलीस तर पाणी देतं का?" हे कुठल्या कायद्यात नाही, कुठल्या फॉर्मवर नाही. बिचाऱ्या पोरी खोटं बोलायच्या. "नाही म्मे, पीत नाही," आणि बाहेरच्या बाकावरून वास आत येतोय! हिला सगळं कळायचं. पण पिणं हे काही लग्न अडवायचं कारण नव्हे, त्यामुळे ती सुस्कारा टाकायची, "जा मग, देव तुझं बघो," आणि शिक्का मारायची.

आता आपल्या मराठीत 'पितो का' म्हटलं की बाप्या, 'पिते का' म्हटलं की बाई. तोंड उघडलं की बिंग फुटलं. इथल्या सोतो भाषेत ती भानगडच नाही. तो काय, ती काय, एकच शब्द. आणि ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला सरळ 'माझं माणूस' म्हणायचं. हे ध्यानात ठेवा, सगळा गोंधळ इथूनच झाला.

आणखी एक सांगायला हवं. बाईनं बाईशी, बाप्यानं बाप्याशी लग्न करायचा कायदा आमच्याकडे झाला तेव्हा त्या कायद्यातच एक पळवाट ठेवली होती. ज्या अधिकाऱ्याच्या धर्मात हे बसत नसेल त्यानं मंत्र्याला तसं लिहून कळवायचं. मग त्याच्यावर कुणी सक्ती करू शकत नाही. मात्शेदिसोनं पहिल्याच टपालानं लिहिलं. ती चर्चमधल्या गुरुवारच्या प्रार्थनेची बाई. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी कॉलर, पांढरी टोपी. तो लाल ब्लाउज मिळवायला बायका वर्षानुवर्षं झटतात. कचेरीचे साहेब लाउब्सर, ते त्यांच्या चर्चचे पंच, त्यांनीही लिहिलं. दोघांनाही सूट मिळाली. झालं! लग्न लावणारे अधिकारी दोनच, आणि दोघांचीही सदसद्विवेकबुद्धी जागी. कायदा देशभर, पण आमच्या गावापुरता तो रजेवर.

मला हे कधी पटलं नाही आणि मी ते तिच्या तोंडावर सांगायचे. "सरकारी खुर्ची, सरकारी पगार, आणि काम तेवढं निवडून निवडून?" म्हणायचे.

"तू फोटो काढ," ती म्हणायची. "माझा देव मी बघते."

एका मंगळवारी मी फोटोंची पाकिटं द्यायला तिच्याकडे गेले होते, तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो! जोरात बोल, एकाच कानाची आहे मी!"

"दुमेला, म्मे. माझं नाव कामोहेलो." मुलीचा आवाज, जरा घाबरलेला. "मला माझ्या माणसाशी लग्न करायचंय. या शुक्रवारी जमेल का?"

"न जमायला काय झालं? शुक्रवार लग्नाचाच वार."

"तसं नाही म्मे... आम्हाला दोन कचेऱ्यांनी परत पाठवलंय."

"सिस्टीम बंद आहे म्हणाले असतील मेले!" मात्शेदिसो कडाडली. बाहेर रांग खदखदून हसली. आमच्याकडे सरकारी माणसाला काम करायचं नसलं की कॉम्प्युटरची सिस्टीम बंद पडते. चहाला बंद, जेवणाला बंद, शुक्रवारी दुपारी तर हमखास बंद. मात्शेदिसोला या थापेची भयंकर चीड. तिच्या खोलीत हे वाक्य कुणी उच्चारलेलं तिला खपायचं नाही.

"हो... असंच काहीसं म्हणाले, म्मे."

"माझ्याकडून कुणी परत जात नाही. बरं, मला सांग, तुझं माणूस पितं का?"

"थेंबसुद्धा नाही."

"हात उचलतं?"

"आवाजसुद्धा चढवत नाही, म्मे."

"काम करतं?"

"दवाखान्यात आहे. पगार घरी येतो. स्वयंपाक तर माझ्याहून चांगला करतं." आता पोरीला जरा धीर आला. "मागच्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला होता. रोज पाठ शेकून दिली, पेज भरवली. वडिलांचंही तेच बघतं. खाणीत त्यांची फुप्फुसं गेलीत."

मात्शेदिसोनं चष्मा काढला.

"पोरी, ऐक," ती म्हणाली. "इतकी वर्षं या टेबलाशी बसलेय, असं माणूस बोटावर मोजण्याइतकं भेटलंय. सोडू नकोस! घट्ट धरून ठेव! शुक्रवारी दहाला ये, मी स्वतः तुमचं लग्न लावते."

"नक्की ना, म्मे? आम्हाला परत नाही ना पाठवणार?"

"देवासमोर शब्द देते. मात्शेदिसोचं हो म्हणजे हो. नाव काय तुझ्या माणसाचं?"

"थातो राम्पाई."

"वा! माझ्या भाच्याचं नावही थातोच." आणि फोन ठेवून मला म्हणाली, "बघ फोटोवाली, अजून आहेत चांगले पुरुष जगात."

शुक्रवारी सकाळी दव गोठून गवत पांढरं झालं होतं. मी दुकान उघडून हात चोळत होते, तोच दोन बाया आत आल्या. दोघींचे एकाच निळ्या छापील कापडाचे झगे, नवे कोरे, कडक इस्त्रीचे. मागे एक म्हातारा, अंगावर पिनेनं अडकवलेली जाड घोंगडी, हातात काठी, दर चार पावलांना धापा टाकत.

"बहिणी बहिणी का गं?" मी विचारलं.

त्या एकमेकींकडे बघून हसल्या. "नाही म्मे. लग्न आहे आमचं. मी कामोहेलो. ही थातो, आणि हे तिचे वडील."

अगं बाई! माझ्या हातातला कॅमेरा पडता पडता राहिला. फोन आठवला, शब्द आठवला. थातो हे पोराचंही नाव असतं आणि पोरीचंही, हे मला या देशात येऊन आठवडा झाला नव्हता तेव्हापासून माहीत. पण मंगळवारी ना माझ्या ध्यानात आलं, ना तिच्या!

म्हाताऱ्याला खुर्ची दिली आणि पोरींना पडद्यामागे ओढलं. मात्शेदिसोला सूट आहे ती सगळी हकिकत सांगितली. कामोहेलोचा चेहरा उतरला. "पण त्यांनी देवासमोर शब्द दिलाय," ती म्हणाली.

थातो उंच, शांत पोरगी. तिनं हळू आवाजात सांगितलं, "दोन वर्षं लागली बाबांना हो म्हणायला. बोलले, मी एकदाच येईन. दारातून परत फिरवलं तर समजेन, माझ्या देवानं उत्तर दिलं, मग हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. आधीच्या दोन कचेऱ्यांत आम्ही दोघीच गेलो होतो. आज ते आलेत."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"मी त्यांना सोडून जाऊ शकत नाही, म्मे. त्यांना झोपताना उशाला टेकवून बसवावं लागतं." आणि तिनं कामोहेलोकडे बघितलंच नाही.

कामोहेलोच्या घरच्यांनी तर तिचं नावच टाकलं होतं. म्हणजे आज जे व्हायचं ते व्हायचं, नाहीतर कधीच नाही. आता काय करता! मी म्हटलं, "चला. मी येते बरोबर. आज बघतेच तिचं हो कसलं आहे ते."

मात्शेदिसो नटूनथटून बसली होती. टेबलावर फुलं! कधी नाही ती फुलं!

"ये, ये कामोहेलो!" आवाज ओळखल्यावर ती उठलीच. "आणि तुमचे साक्षीदार? ही पाठची बहीण वाटतं? न्टाटे, तुम्ही बसा हीटरपाशी. आणि तुझं माणूस कुठंय? गाडी लावतंय का?"

"हे काय, म्मे," कामोहेलो म्हणाली आणि थातोचा हात धरला. "हे माझं माणूस."

मी आयुष्यात पुष्कळ चेहरे टिपले, पण तसा चेहरा नाही. हसू तसंच राहिलं आणि त्याच्या आतलं सगळं निघून गेलं. मात्शेदिसो मटकन खाली बसली. दार उघडं होतं. लग्न लावायचं ते दार उघडं ठेवूनच, असा नियमच आहे, आणि रांगेनं माना आत घातल्या. रांगेत सगळ्यात पुढे कोण असावी? म्मे पुलेंग! गुरुवारच्या बायकांची पुढारी! नातवाच्या जन्मदाखल्यासाठी आली होती. तिनं हाताची घडी घातली आणि बघत राहिली.

"तू मला फसवलंस," मात्शेदिसो कामोहेलोला म्हणाली.

"नाही, म्मे. जे विचारलंत त्याचं खरं उत्तर दिलं."

"मला वाटलं पुरुष आहे!"

"ते तुम्ही विचारलंच नाहीत. बाकी सगळं विचारलंत."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मात्शेदिसोनं तिकडे असं पाहिलं की हसणाऱ्याची बोबडी वळली.

"मला सूट आहे," ती म्हणाली. आवाज मात्र तिचा नव्हता, कोरडा सरकारी होता. "धर्माच्या कारणावरून. तुम्हाला राजधानीच्या कचेरीत जावं लागेल. तिथे लावतात."

"म्मे, तुम्हीच म्हणालात, असं माणूस सोडू नकोस," कामोहेलो म्हणाली आणि तिला रडू फुटलं. थातो वडिलांकडे बघत होती. म्हातारा काठी टेकवून उठत होता.

एवढ्यात लाउब्सर साहेब आले. माणूस वाईट नाही हो, पण सगळं आयुष्य फायलीत लावलेलं. त्यांनी मात्शेदिसोच्या बाजूला वाकून सांगितलं, आणि सांगितलं ते डाव्या बाजूनं. तिला काही ऐकू गेलं नाही. "काय?" ती ओरडली. मग त्यांनाही आवाज चढवावा लागला.

"मी म्हणतोय, विचार करा! सूट आहे म्हणजे तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही. पण आपणहून एक लावलंत, तर मला वर कळवावं लागेल. मग ती सूट राहणार नाही. सोमवारी धर्म आणि शुक्रवारी नाही, असं चालत नाही. पुढे येईल त्या प्रत्येकाचं लावावं लागेल तुम्हाला."

पुलेंग दारातून म्हणाली, "आणि गुरुवारी लाल ब्लाउज घालून कुठल्या तोंडानं येणार तेही बघ."

झाली ना पंचाईत! इकडे आड, तिकडे विहीर. मात्शेदिसोचे ओठ हलत होते. प्रार्थना करत होती की शिव्या देत होती, देव जाणे. मी माझं तोंड दाबून उभी होते, आणि हे मला किती जड गेलं असेल ते मला ओळखणारे जाणतात.

लाउब्सरांना तिची दया आली असावी. त्यांनी दार अर्धवट लोटलं आणि हलकेच म्हणाले, आणि या वेळी उजव्या बाजूनं म्हणाले, "कशाला कुणाचं मन दुखवायचं? सांगून टाका, सिस्टीम बंद आहे."

बस्स!

मात्शेदिसो इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे भिंतीवर आदळली. "काय म्हणालात? माझ्या खोलीत? माझ्या टेबलापाशी?"

"अहो, मी तुमच्याच भल्यासाठी..."

"तिकडे दोन कचेऱ्यांनी या पोरींना असंच परत पाठवलं आणि मी त्यांना मेले म्हणाले! देवाचं नाव घेऊन शब्द दिला, आणि आता देवाचंच नाव घेऊन थाप मारू?" तिनं लोटलेलं दार धाडकन उघडलं. म्हातारा उंबऱ्यापाशी पोचला होता, घोंगडी सावरत म्हणत होता, "चल थातो, उत्तर मिळालं." मात्शेदिसोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गावाला ऐकू जाईल अशी गरजली, "न्टाटे राम्पाई, बसा खाली! सिस्टीम चालू आहे!"

काय सांगू तुम्हाला! रांगेनं जीभ नाचवत ती बायकांची लांबलचक किलकारी दिली, तशी फक्त लग्नात देतात. तीही देत होती जिला विषय काय आहे हे माहीत नव्हतं! माझ्या डोळ्यांना धारा. पुलेंग तेवढी त्यात नव्हती.

मात्शेदिसोनं छापील पुस्तक काढलं. त्यात या कायद्याचं पान कधी उघडलेलंच नव्हतं, ते इतकं कोरं की बोटाला चिकटत होतं. मजकूर इंग्रजीत. तिनं तिथल्या तिथे सोतोत सांगायला सुरुवात केली, आणि जिभेला इतक्या वर्षांचं वळण! "तू, कामोहेलो, या पुरुषाला आपला कायदेशीर नवरा..." गाडी तिथेच अडली.

सगळे हसले. थातोसुद्धा हसली.

"पुस्तकात 'जोडीदार' आहे," लाउब्सर कोपऱ्यातून म्हणाले. ते गेले नव्हते, हं. हाताची घडी घालून उभे होते.

"तो तुमच्या भाषेत," मात्शेदिसो म्हणाली. तिनं पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं, कायद्याचं कायद्याला दिलं, मग पुस्तक मिटलं आणि कामोहेलोला विचारलं, "आता माझ्या भाषेत सांग. हे तुझं माणूस का?"

"हे माझं माणूस, म्मे."

"आणि थातो, तुझं?"

"हे माझं माणूस."

मात्शेदिसो थबकली. तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. मग तिनं थातोकडे रोखून पाहिलं. "तुला मी अजून विचारलं नाही. ही कामोहेलो पिते का?"

असं मराठीत सांगावं लागतं. तिनं अर्थात 'तुझं माणूस पितं का' असंच विचारलं.

"नाताळला आल्याचं सरबत," थातो म्हणाली. "ते मात्र पोटभर."

शिक्का बसला. मी साक्षीदार म्हणून सही केली. दुसरा साक्षीदार म्हातारा. त्यानं इतक्या सावकाश नाव लिहिलं की मी श्वास धरून बसले. मग तो मात्शेदिसोजवळ गेला आणि तिच्या डाव्या कानात काहीतरी पुटपुटला.

"काय?" ती ओरडली.

"म्हटलं, उपकार झाले!" तोही ओरडला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली, आणि दोन्ही पोरी त्याच्या पाठीवर हात फिरवायला एकदमच धावल्या.

सगळे गेल्यावर मी तिला मिठी मारायला गेले तर म्हणते कशी, "लाडात येऊ नकोस. मला अजूनही पटलेलं नाही. मी शब्द दिला होता, एवढंच."

आता पुढचा गुरुवार. माझ्या नशिबानं त्याच गुरुवारी बायकांचा वार्षिक फोटो होता. चर्चच्या अंगणात बाकडी मांडून मी लाल ब्लाउजांच्या तीन ओळी केल्या. मात्शेदिसो आली. ताठ, कडक कॉलर, टोपी जागच्या जागी. आणि पुलेंग तिच्यासमोर उभी राहिली.

"ब्लाउज उतरव," ती म्हणाली. "आधी सगळ्यांसमोर माफी माग. मग घाल."

मी कॅमेऱ्यामागे अवघडून उभी.

"मागते," मात्शेदिसो म्हणाली. "पण कुठल्या लग्नाची मागू ते सांग."

"कुठल्या म्हणजे? परवाच्या!"

"त्या पोरीला मी सगळे प्रश्न विचारले, पुलेंग. सगळ्यांची उत्तरं खरी निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादीला शिक्का देताना 'देव तुझं बघो' म्हणाले नाही. गरजच वाटली नाही." ती थांबली. तिचा तो मोठा आवाज आता खाली आला होता, पण अंगणाला पुरत होता. "तुझ्या लेकीला विचारलं होतं, तुझं माणूस पितं का. ती म्हणाली, नाही. तिच्या गालाला पावडर होती, आणि पावडरीखाली काय होतं ते मला दिसलं. या कानाच्या बाईला नाही दिसणार तर कुणाला? मी शिक्का मारला. माझा धर्म तेव्हा गाढ झोपलेला होता. दुसऱ्या दिवशी तू मला केक पाठवलास, आणि मी तो खाल्ला."

ज्या नातवाच्या दाखल्यासाठी पुलेंग रांगेत होती तो या लेकीचाच. लेक पोराला घेऊन माहेरी परत आली होती, तिच्या एका हाताला प्लास्टर होतं, आणि त्याबद्दल गावात कुणी काही बोलत नव्हतं.

"त्या लग्नाची माफी मागते," मात्शेदिसो म्हणाली. "गुडघे टेकून मागते. तशी इतकी लग्नं लावलीत मी, तीही सगळी मोजा. परवाच्या लग्नाची मात्र नाही मागणार. ब्लाउज हवा तर घ्या."

आणि ती खरंच बटणं काढायला लागली. त्या थंडीत! वरची दोन काढली, आणि पुलेंगनं तिचा हात धरला. पुलेंगनं मान खाली घालून ती दोन्ही बटणं परत लावली, कॉलर सरळ केली, आणि मग माझ्यावरच खेकसली, "बघतेस काय? काढ फोटो!"

तो फोटो माझ्या दुकानाच्या काचेत लावलाय. लांबलांबहून लग्नाला येणारी जोडपी, आता दोन पोरी येतात, दोन पोरगेही येतात, आधी माझ्याकडे थांबतात आणि विचारतात, यातल्या त्या म्मे कुठल्या? मी दाखवते. पहिल्या ओळीत, मधोमध. शेजारी पुलेंग उभी आहे, तिचे ओठ जरा हललेत आणि डोळे भरलेत. ती काय म्हणाली ते मी ऐकलं, मी समोरच होते. ती माफी मागत होती. पण ती उभी होती मात्शेदिसोच्या डाव्या बाजूला.